सनस्क्रीन, खारं पाणी आणि क्लोरीन : देवबागच्या स्विमिंग पूलवरच्या प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषय नक्की झाला. अंगाला लावलेलं सनस्क्रीन पोहण्याच्या पूलच्या पाण्यात उतरलं की तिथल्या क्लोरीनशी त्याची काय क्रिया होते, हे बघायचं आहे. कॉलेज उघडायची वाट न बघता उन्हाळ्यातच सुरुवात करते आहे. पर्यटक आत्ता आहेत, ऊन आत्ता आहे आणि अडचणही आत्ताच आहे.

जागा काकांच्या घरची. मालवणजवळचं देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांच्या मागे काकांचा छोटा पूल आहे: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. म्हणजे साधारण ३८ हजार लिटर पाणी, तेही आवारातल्याच विहिरीचं. काका सकाळी टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या स्किमरमध्ये (वरचं पाणी ओढून फिल्टरकडे नेणाऱ्या जाळीच्या कप्प्यात) टाकतात. गर्दी नसेल तेव्हा संध्याकाळपर्यंत क्लोरीन टिकतो. शनिवार-रविवारी मात्र दुपारीच तपासणीच्या नळीत रंग दिसेनासा होतो आणि काठाच्या टाइल्सवर पांढरट, बुळबुळीत रेघ उमटते. काकांचा प्रश्न सरळ आहे : "रोज घालतंय तितकोच घातलंय. मगे तो जाता खंय?"

मला प्रकल्पाचं उद्दिष्ट यापेक्षा नेमकं लिहिता आलं नसतं. सरांना पाठवलेल्या आराखड्यात पहिली ओळ हीच आहे, प्रमाण मराठीत.

१५ एप्रिल

पाहुणे खोलीत विसरून गेलेल्या सनस्क्रीनच्या ट्यूबा काकीने एका डब्यात जमवून ठेवल्या आहेत. आज त्यांच्यावरची घटकांची यादी वाचत बसले. नावं वेगवेगळी असली तरी आतले घटक पुन्हा पुन्हा तेच येतात.

ॲव्होबेन्झोन जवळजवळ सगळ्यांत आहे. अतिनील किरणांपैकी लांब लहरींचे, म्हणजे यूव्हीए किरण अडवायचं काम त्याचं. ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन, होमोसॅलेट हे यूव्हीबी अडवणारे. जुन्या दोन ट्यूबांत ऑक्सिबेन्झोन आहे. लहान मुलांच्या ट्यूबेत फक्त झिंक ऑक्साइड.

क्लोरीनच्या नजरेने ही यादी वाचली की हे घटक सारखे राहत नाहीत. पाण्यात क्लोरीन म्हणजे मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल, आणि त्याला इलेक्ट्रॉनांनी भरलेली जागा हवी असते. ऑक्सिबेन्झोनमधल्या कार्बन अणूंच्या एका कड्यावर फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट बसलेला आहे. तो शेजारच्या जागा इतक्या सक्रिय करतो की क्लोरीनचा अणू तिथे सहज चिकटतो, आधी एक, मग दुसरा. क्रिया पुढे जात राहिली तर कडंच फुटतं आणि शेवटच्या तुकड्यांत क्लोरोफॉर्म सापडतो. होमोसॅलेट सॅलिसिलिक आम्लाचं एस्टर, म्हणजे त्यातही फिनॉल आलंच.

ॲव्होबेन्झोनची गंमत वेगळी. त्यात फिनॉल नाही, पण दोन कार्बोनिल गटांच्या मधोमध एक कार्बन आहे. तिथले हायड्रोजन ढिले असतात, बी.एस्सी.ला शिकलेली हॅलोफॉर्म क्रिया (जिच्या शेवटी क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ सुटतात) जिथून सुरू होते तशीच ही जागा. तिथे एक किंवा दोन क्लोरीन बसलेली ॲव्होबेन्झोनची रूपं संशोधकांनी वेगळी ओळखली आहेत. सोबत अतिनील प्रकाश असेल तर रेणूचे तुकडे पडून क्लोरीनयुक्त फिनॉल, ॲसिटोफिनोन, आम्लं आणि अल्डिहाइडं तयार होतात. मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठातल्या अल्बर्ट लेबेडेव्ह यांच्या गटाचं यावर बरंच काम आहे. ऑक्टोक्रिलीन त्या मानाने थंड आहे, क्लोरीनला फार दाद देत नाही. झिंक ऑक्साइड हे खनिजच, क्लोरीनने त्यातून असे तुकडे निघण्याचा प्रश्न नाही.

१८ एप्रिल

आधी मोजायचं साधन धड हवं. काकांकडे गावोगावी जलसुरक्षक वापरतात तीच ओ.टी. टेस्ट आहे : नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) पुरेशी पडली की नाही हे बघायला ती पुष्कळ झाली. पूलसाठी तिची एक मोठी अडचण आहे. मोकळा क्लोरीन आणि घामातल्या, लघवीतल्या नायट्रोजनशी जखडलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, या दोघांनाही ती पिवळाच रंग देते. जखडलेल्या क्लोरीनची जंतू मारायची ताकद कितीतरी कमी. पिवळा रंग बघून माणूस निर्धास्त होतो आणि पाण्यात कामाचा क्लोरीन जेमतेम असतो.

म्हणून डीपीडीच्या गोळ्या मागवल्या. पहिल्या क्रमांकाची गोळी मोकळा क्लोरीन गुलाबी रंगात दाखवते. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची टाकली की एकूण क्लोरीन कळतो. दोन्हींतला फरक म्हणजे जखडलेला भाग.

"क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे" हे पाहुण्यांच्या तोंडून नेहमी ऐकते. तो वास बहुतेक वेळा क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळेच. चांगल्या राखलेल्या पूलला वास जवळजवळ नसतो. हे मी काकीलाही सांगितलं, कारण पाहुण्यांना उत्तर तिला द्यावं लागतं.

२० एप्रिल

बीकर भरण्याआधी कागदावर हिशेब करून बघितला. सनस्क्रीन हा घटक मोजण्याएवढा मोठा आहे तरी का?

सनस्क्रीनचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ठरवताना कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. या मापाने पूर्ण अंगाला ३० ग्रॅमच्या आसपास लागेल. माणसं इतकं लावत नाहीत, म्हणून २० ग्रॅम धरले. गर्दीच्या दिवशी २० माणसं, म्हणजे ४०० ग्रॅम. त्यातलं पाव पाण्यात उतरलं असं मानलं तर १०० ग्रॅम. त्यात किरण अडवणारे घटक १५ टक्के, म्हणजे १५ ग्रॅम. ३८ हजार लिटरमध्ये हे झाले लिटरला सुमारे ०.४ मिलिग्रॅम.

दिसायला किरकोळ. पण या रेणूंचा सरासरी रेणुभार २५० धरला आणि एकेका रेणूने चार क्लोरीन खाल्ले असं मानलं, तर लिटरमागे साधारण ०.४५ मिलिग्रॅम क्लोरीन यातच खर्ची पडतो. पूलमध्ये आपण मोकळा क्लोरीन ठेवतो १ ते २ मिलिग्रॅम. म्हणजे ही वरची मर्यादा असली, बरंचसं सनस्क्रीन तेलकट असल्याने तरंगतं आणि फिल्टरच्या वाळूत अडकतं हे धरलं, तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. घाम आणि लघवी यांचा वाटा बहुधा याहून मोठा निघेल. सगळा दोष सनस्क्रीनच्या माथी मारायचा नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

२४ एप्रिल

पहिला प्रयोग. ऊर्ध्वपातित पाणी, फॉस्फेट बफर टाकून पीएच ७.५, त्यात सोडियम हायपोक्लोराइट. टीसीसीए मुद्दाम टाळला, कारण त्यातून सायन्यूरिक आम्ल येतं आणि पहिल्याच प्रयोगात मला ते नको होतं. काचेच्या पट्ट्यांवर लेप पातळ पसरला, अंगावर वाळू देतो तसा वाळू दिला, मग बीकरमध्ये सोडल्या. एक बीकर नुसत्या पाण्याचा. एकात सनस्क्रीन नसलेलं साधं मॉइश्चरायझर, एकात ॲव्होबेन्झोन-ऑक्टिनॉक्सेटचं सनस्क्रीन, एकात जुनं ऑक्सिबेन्झोनवालं, एकात झिंक ऑक्साइडचं. हाच सगळा संच एकदा पडवीत सावलीला आणि एकदा भर उन्हात.

मॉइश्चरायझरचा बीकर महत्त्वाचा. ट्यूबेतला मोठा भाग मेणं, तेलं, सुगंध आणि इमल्सिफायरचा असतो, आणि त्यांतलं काही ना काही क्लोरीन खातंच. तो भाग वजा केल्याशिवाय किरणरोधकांवर आरोप करता येणार नाही.

सावलीत तासाभराने : नुसत्या पाण्याचा गुलाबी रंग जवळपास तसाच. मॉइश्चरायझरचा आणि झिंकचा थोडा फिका, दोघांत फरक सांगता येऊ नये इतका. ॲव्होबेन्झोनवाला स्पष्ट फिका. ऑक्सिबेन्झोनवाला सगळ्यांत फिका. यादी वाचताना जो क्रम मनात धरला होता तोच नळ्यांत उतरला.

उन्हात मात्र सगळाच घोळ. नुसत्या पाण्यातलाही क्लोरीन बराच उडाला. हे अपेक्षित आहे. सूर्यप्रकाश हायपोक्लोराइट थेट तोडतो, आणि आधार नसलेला क्लोरीन भर दुपारी तासाभरातच निम्म्याखाली येऊ शकतो. सनस्क्रीनचे बीकर त्याहून खाली गेले, पण आता कोणाचा वाटा किती हे वेगळं काढणं अवघड. गोळ्यांतलं सायन्यूरिक आम्ल याचसाठी असतं. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं आणि ऊन लागू देत नाही. पुढच्या संचात ते घालायचं.

२ मे

आजची नोंद लांबणार आहे. प्रकल्पाची दिशा आज बदलली.

आजीने सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मे म्हयन्यात ह्या पाण्याची चाय सुदीक बरी लागणा नाय." ती हे दर वर्षी म्हणते, आणि आम्हीही दर वर्षी ऐकतो. विहीर मे महिन्यात मचूळ होते हे देवबागात कोणाला सांगायला नको. वाळूच्या पट्टीखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर, त्याच्या सुमारे ४० पट खोल ते खाली पसरलेलं असतं. म्हणून उपशाने पातळी १ सेंटिमीटर उतरली तरी खालचं खारं पाणी ४० सेंटिमीटर वर सरकतं. पर्यटकांचा हंगाम आणि विहिरीची सर्वांत नाजूक वेळ एकच.

मी आत्तापर्यंत खारेपणाकडे मीठ म्हणूनच बघत होते. क्लोराइड क्लोरीनशी काही करत नाही, मग काळजी कसली? पण समुद्राच्या पाण्यात क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही येतं. लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम. दोघांचं प्रमाण जगभरच्या समुद्रात जवळपास ठरलेलं : वजनाने क्लोराइडच्या ०.००३५ पट ब्रोमाइड. म्हणजे विहिरीचा खारेपणा समुद्रातूनच आलेला असेल, तर क्लोराइड मोजलं की ब्रोमाइडचा अंदाज हातात येतो. त्याला महागडं यंत्र लागत नाही. सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन, पोटॅशियम क्रोमेट निर्देशक, विटकरी रंग आला की थांबायचं. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल.

विहिरीचं क्लोराइड निघालं लिटरला ६०० मिलिग्रॅमच्या जवळ. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २५० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत सवलत. म्हणजे आमचं पाणी मधल्या पट्ट्यात. त्याच्या ०.००३५ पट, म्हणजे ब्रोमाइड लिटरला २.१ मिलिग्रॅम.

आता हायपोक्लोरस आम्ल ब्रोमाइडला भेटलं की काही सेकंदांत त्याचं ऑक्सिडीकरण करतं. क्लोरीन स्वतः क्लोराइड होऊन बाजूला होतो आणि पाण्यात हायपोब्रोमस आम्ल तयार होतं. किती? २.१ मिलिग्रॅम ब्रोमाइड पूर्ण बदलायला १.९ मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो. काका पूलमध्ये ठेवतात तो १ ते २. म्हणजे आम्ही गोळ्या क्लोरीनच्या टाकतो, पण मे महिन्यात पूलमधलं जंतुनाशक बहुतांशी ब्रोमीन असतं. डीपीडीला हे कळत नाही, ती दोघांनाही गुलाबीच रंग देते. त्यामुळे इतकी वर्षं कोणाला शंकाही आली नाही.

ब्रोमीन वाईट जंतुनाशक नाही. काही पूल मुद्दाम ब्रोमीनवर चालवतात. पण तीन गोष्टी बदलतात, आणि तिन्ही आमच्या विरोधात जातात. एक, फिनॉलसारख्या रेणूंवर ब्रोमीन क्लोरीनपेक्षा कैक पट वेगाने बसतो. ऑक्सिबेन्झोन आणि होमोसॅलेट यांना तो आयता मिळतो. दोन, तुकड्यांत क्लोरोफॉर्मऐवजी ब्रोमोफॉर्म आणि त्याची मिश्र भावंडं वाढतात. तीन, सायन्यूरिक आम्ल क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, ब्रोमीनला वाचवत नाही. एवढंच नाही, ब्रोमीन खर्च झाला की परत ब्रोमाइड होतो आणि पुढच्या गोळीतल्या क्लोरीनला पुन्हा ओढून घेतो. चक्र थांबतच नाही.

काकांच्या प्रश्नाचा बराच मोठा भाग इथे आहे असं मला वाटतं. तपासायला लागेल.

४ मे

तपासलं. दोन बीकर, दोन्हींत सायन्यूरिक आम्ल आणि तेवढाच क्लोरीन, सनस्क्रीन कशातच नाही. एक ऊर्ध्वपातित पाण्याचा, दुसरा विहिरीच्या पाण्याचा. पीएच दोन्हींचा सारखा केला. अकरा ते एक उन्हात ठेवले.

ऊर्ध्वपातित पाण्यात गुलाबी रंग टिकून राहिला. विहिरीच्या पाण्यात उतरून फिकट झाला. विहिरीच्या पाण्यात ब्रोमाइडशिवाय इतरही काही असू शकतं, पालापाचोळ्याचं सेंद्रिय द्रव्य, थोडं लोह. म्हणून तिसरा बीकर केला : ऊर्ध्वपातित पाण्यात हिशेबाने पोटॅशियम ब्रोमाइड टाकलेलं. तोही जवळपास विहिरीसारखाच उतरला. सावलीत ठेवलेली जोडी मात्र दोन्हीकडे बरी राहिली.

सरांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी लॉस एंजेलिसची गोष्ट सांगितली. तिथल्या आयव्हॅनहो जलाशयात ब्रोमाइड, क्लोरीन आणि ऊन एकत्र आल्याने ब्रोमेट हा घातक उपपदार्थ तयार होत होता. २००८ साली तिथल्या पाणीखात्याने जलाशयावर प्लॅस्टिकचे काळे गोळे पसरले, कशासाठी तर पाण्यावर सावली पडावी म्हणून. आपल्याकडे माड आहेत. पूल बांधताना पाला पडतो म्हणून त्या बाजूचे दोन माड तोडायचं चाललं होतं, ते आजीने अडवलं होतं. ते माड रसायनशास्त्राच्या हिशेबानेही राहायला हवेत.

७ मे

कॉलेजच्या प्रयोगशाळेत यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे कोणत्या लहरीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर, वेळ मिळाला. ॲव्होबेन्झोनचं शोषणाचं शिखर मिथेनॉलमध्ये ३५८ नॅनोमीटरच्या आसपास येतं, ऑक्टिनॉक्सेटचं ३१० जवळ. ट्यूबेत दोन्ही असले तरी ३५८ची बाजू बऱ्यापैकी मोकळी असते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवलं.

पद्धत लिहून ठेवते, पुढे कोणाला लागेल. ठरलेल्या वेळी बीकरमध्ये सोडियम थायोसल्फेट टाकायचं. उरलेला क्लोरीन किंवा ब्रोमीन तिथल्या तिथे संपतो आणि क्रिया थांबते. मगच सनस्क्रीन मिथेनॉलमध्ये विरघळवून काढायचं. हे आधी न करता मिथेनॉल घातलं तर क्रिया बाटलीतही चालू राहते. ॲसिटोन तर अजिबात नको. ते स्वतःच हॅलोफॉर्म क्रियेत शिरतं आणि आपण सनस्क्रीनच्या नावावर ॲसिटोनचा क्लोरोफॉर्म मोजत बसू.

सावलीतल्या नमुन्यांत शिखर उतरलं, म्हणजे ते उन्हाने नाही, हॅलोजननेच (क्लोरीन किंवा ब्रोमीनने). विहिरीच्या पाण्यातलं ऊर्ध्वपातित पाण्यापेक्षा जास्त उतरलं. उन्हातल्या नमुन्यात सगळ्यांत जास्त. ॲव्होबेन्झोन उन्हात एकटंही तुटतं, ऑक्टिनॉक्सेटच्या सोबतीत तर लवकरच. म्हणून हल्ली त्याच्या जोडीला ऑक्टोक्रिलीन घालतात. ज्या पाहुण्याने सकाळी नऊला एकदा लेप लावला आणि दुपारी एकपर्यंत पाण्यात राहिला, त्याच्या अंगावर संरक्षण म्हणून काय उरलं असेल याचा विचार मनातून जात नाही. सनस्क्रीन पाण्याचं काय करतं हे विचारताना पाणी सनस्क्रीनचं काय करतं हेही विचारायला हवं.

शिखर उतरलं यावरून रेणू गेला एवढं कळतं. तो काय झाला हे सांगायला जीसी-एमएस, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र, लागेल. त्यासाठी नमुने बाहेर पाठवावे लागतील, आणि ते आता नाही.

११ मे

रविवार. घर भरलेलं. सकाळपासून दर तासाला नमुना घेतला.

पीएच ही माझ्या नजरेतून सुटत चाललेली बाब आज समोर आली. इथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर. विहिरीचं पाणी जड, अल्कधर्मी. दुपारी पूलचा पीएच ८ निघाला. ७.५ला क्लोरीनपैकी साधारण निम्मा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, आणि जंतू मारायचं खरं काम तोच करतो. ८ला तो पावभर उरतो. बाकीचा हायपोक्लोराइट, तो याबाबतीत दुबळा. त्याच वेळी वाढत्या पीएचला फिनॉलचा प्रोटॉन सुटतो आणि ते हॅलोजनला आणखी जवळचं होतं. जंतूंवरचा मारा मंदावतो आणि सनस्क्रीनशी सलगी वाढते. ब्रोमीनला मात्र ८चा पीएच फारसा बाधत नाही, हायपोब्रोमस आम्ल ८.७च्या आसपास जाऊन निम्मं होतं. आमच्या खाऱ्या पाण्याची एवढी एकच बाजू उजवी.

मोकळा आणि एकूण क्लोरीन यांतला फरक सकाळी अकरानंतर वाढत गेला. तेव्हाच पाण्यात सगळ्यांत जास्त मुलं होती. हा हिस्सा घामाचा आणि लघवीचा. सनस्क्रीनमुळे असा फरक पडत नाही, सनस्क्रीन एकूण क्लोरीनच खाली ओढतं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच पाण्यात स्पष्ट वेगळ्या दिसल्या याचं मला फार समाधान आहे.

काकांना वाटतं अशा वेळी दुप्पट गोळ्या टाकाव्यात. क्लोरामाइन तोडायला जखडलेल्या क्लोरीनच्या दहापट मारा करतात हे खरं आहे. पण सेंद्रिय रेणूंवर तो मारा म्हणजे त्यांचे आणखी तुकडे. ते तुकडे पाण्यातून काढायचा साधा मार्ग एकच, थोडं पाणी काढून ताजं घालणं. युरोपात दर पोहणाऱ्यामागे रोज ३० लिटर ताजं पाणी असा दंडक पाळतात. आमच्याकडे मेमध्ये ताजं पाणी म्हणजे आणखी ब्रोमाइड.

१६ मे

वाचनाचा दिवस. धोका किती, हा प्रश्न पाहुणे विचारणार, तेव्हा उत्तर नीट हवं.

क्लोरीन घातलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्म तयार होतो हे १९७४ साली रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवलं, तेव्हापासून या उपपदार्थांचा अभ्यास चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्मला लिटरमागे ३०० मायक्रोग्रॅम आणि ब्रोमोफॉर्मला १०० मायक्रोग्रॅम अशी मार्गदर्शक मूल्यं दिली आहेत. त्याच संघटनेचं म्हणणं असंही आहे की उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात कसर ठेवू नये. मला हे पूर्ण पटतं. पूलमधून पसरणारा अतिसार हा आजचा धोका आहे. क्लोरीन कमी करा असं या प्रकल्पातून कोणी वाचलं तर ते चुकीचं वाचन ठरेल.

ॲव्होबेन्झोनच्या तुकड्यांत येणाऱ्या ॲसिटोफिनोनच्याच घराण्यातला क्लोरोॲसिटोफिनोन नावाचा एक पदार्थ पूर्वी अश्रुधुरात वापरत, आणि तेवढ्यावरून "तुमच्या पूलमध्ये अश्रुधूर" असा मथळा कोणीही करू शकेल. मात्रा न सांगता असं बोलणं मला अन्यायाचं वाटतं. सनस्क्रीनमुळे जळजळ टळते, कातडी वाचते. देवबागच्या मे महिन्यातल्या उन्हात गोऱ्या-सावळ्या सगळ्यांनाच त्याची गरज आहे.

दुसरी एक काळजी मात्र मला जवळची वाटते. फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे वाळू उलट्या प्रवाहाने धुतलेलं पाणी, आमच्याकडे मागच्या खड्ड्यात सोडतात. वाळूत अडकलेलं सगळं सनस्क्रीन, त्याचे हॅलोजन चिकटलेले तुकडे, सगळं त्या पाण्यात. खड्डा वाळूचा, विहीर जवळ, आणि वाळूखाली गोड्या पाण्याचा तोच पातळ थर. पलीकडे समुद्र. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य इथून लांब नाही आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. हवाईने प्रवाळांसाठी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१पासून बंद केली, पलाऊने त्याआधी वर्षभर. तिथला वाद अजून चालू आहे, कारण प्रवाळांवर सगळ्यात मोठं संकट तापत्या समुद्राचं आहे. पण बॅकवॉश विहिरीशेजारी सोडू नये हे सांगायला मला त्या वादाचा निकाल लागायला नको.

२३ मे

काकांबरोबर बसून ठरवलं. जलक्रीडा २६ तारखेपासून बंद होतात, गर्दी ओसरेल, बदल करायला वेळ आहे.

पाण्यात उतरण्याआधी शॉवर, साबण लावून. आजच्या घडीला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक उपाय हाच, कारण तो सनस्क्रीन, घाम आणि केसांचं खोबरेल तेल हे तिन्ही एकदम थांबवतो. काकीला अवघड वाटलं : "पावण्यांका पयली आंघोळ करा म्हणान सांगूचा कसा?" यावर तोडगा असा निघाला की शॉवर पूलच्या वाटेवरच बसवायचा, आणि तो ओलांडल्याशिवाय पायऱ्या येणारच नाहीत. भर दुपारच्या पोहण्यासाठी लांब बाह्यांचे पोहायचे टी-शर्ट भाड्याने ठेवायचे. कापडाखाली सनस्क्रीन लावावंच लागत नाही. चेहरा, मान, पावलं यांच्यासाठी झिंक ऑक्साइडचं.

गोळ्या सकाळऐवजी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पीएच रोज दोनदा, ७.२ ते ७.६ मध्ये राखायचा. ओ.टी. बंद, डीपीडी सुरू. बॅकवॉशचा खड्डा विहिरीपासून दूर, नदीकडच्या कोपऱ्यात, आधी टाकीत थांबवून.

राहिला पाण्याचा प्रश्न. तो या सगळ्यांहून मोठा आहे.

१५ जून

पाऊस लागून आठवडा झाला. कौलांच्या पन्हळीखाली बादली ठेवून पहिल्या दोन सरी वाहू दिल्या आणि मग पाणी घेतलं. टायट्रेशनला सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब पडले आणि विटकरी रंग आला. म्हणजे क्लोराइड नगण्य, ब्रोमाइडची चिंताच नाही. पीएच मात्र उतरलेला आणि पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत, त्यामुळे पूलमध्ये भरताना खाण्याचा सोडा घालून अल्कता वाढवावी लागेल, नाहीतर टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट खाल्लं जाईल.

सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो. खोल्यांचं छप्पर १०० चौरस मीटर धरलं तरी ३ लाख लिटर, पूलच्या जवळपास आठपट. काकांनी सप्टेंबरअखेर पूल रिकामा करून छपराच्या पाण्याने भरायचं कबूल केलं आहे, आणि मेमध्ये पातळी राखायला २० हजार लिटरची झाकलेली टाकी. टाकीचा खर्च बघून ते गप्प झाले, पण विहिरीचा उपसा तेवढा कमी होईल हे आजीनेच त्यांच्या लक्षात आणून दिलं.

विहिरीचं क्लोराइड दर पंधरा दिवसांनी मोजत राहणार. पावसाळ्यात ते कुठवर उतरतं आणि कधी चढायला लागतं, याची वक्ररेषा हातात आली की पूल कधी भरावा याची तारीखच सांगता येईल.

जीसी-एमएससाठी नमुने दिवाळीच्या गर्दीत घ्यायचे. एक संच पावसाच्या पाण्याने भरलेल्या पूलचा, दुसरा त्याच पाण्यात मोजून ब्रोमाइड घातलेल्या बीकरचा, दोन्हींत तेच सनस्क्रीन. बाटल्या गडद काचेच्या, काठोकाठ भरलेल्या, आत हवेचा बुडबुडा नको, कारण क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोफॉर्म उडून जातात. थायोसल्फेट आधीच घातलेलं. बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी पोचायला हवेत. प्रयोगशाळेला आज पत्र टाकलं आहे.